एनएफएलच्या ऑफेन्सिव्ह लाईनला मार्क कसे द्यायचे, बॉलकडे न बघता

सुपर बोल ५५, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगची फायनल, फेब्रुवारी २०२१. कॅन्सस सिटी चीफ्स टॅम्पा बेकडून ३१-९ अशी सपाटून हरली. नुसता बॉक्स स्कोअर (मॅचचा आकड्यांचा तक्ता) बघितला तर त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, पॅट्रिक मॅहोम्सला सॅक (बॉल फेकायच्या आधीच पाडणं) किती, तर फक्त ३. आता ३ सॅक म्हणजे काही फार नाही, लाईनने, म्हणजे त्याच्या पुढे उभं राहून त्याला वाचवणाऱ्या पाच जणांनी, बरं काम केलं असणार असंच वाटेल. पण ज्याने मॅच बघितली त्याला विचारा, तो माणूस रात्रभर जीव मुठीत धरून पळत होता. ईएसपीएनच्या मोजणीत त्याच्यावर २९ वेळा प्रेशर आलं, म्हणजे समोरचा कुणीतरी अंगावर येऊन भिडायच्या बेतात होता, सुपर बोलमधला तो रेकॉर्ड होता. म्हणजे सॅक ३ आणि धावपळ २९ वेळा, आणि हा बाकीचा सगळा हिशोब बॉक्स स्कोअरमध्ये कुठेच नाही.

दोन वर्षांनी उलटा प्रकार. सुपर बोल ५७ मध्ये समोर फिलाडेल्फिया ईगल्स, ज्यांनी त्या रेग्युलर सीझनमध्ये ७० सॅक घेतलेले, आणि फायनलमध्ये घेतले शून्य. चीफ्स ३८-३५ ने जिंकले. मग सुपर बोल ५९, फेब्रुवारी २०२५, परत तेच ईगल्स, परत तोच मॅहोम्स, सॅक ६ आणि स्कोअर ४०-२२ ईगल्सच्या बाजूने. त्यातही गंमत म्हणजे ईगल्सने अख्ख्या मॅचमध्ये एकदाही ब्लिट्झ केला नाही, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त माणसं क्वार्टरबॅकच्या अंगावर पाठवली नाहीत.

ह्या ३ मॅच मी मुद्दाम सांगतोय कारण लाईनमनला मार्क द्यायला शिकायचं असेल तर ह्यापेक्षा चांगली शाळा नाही. एकच टीम, एकच क्वार्टरबॅक, एकच कोच अँडी रीड, आणि लाईन तीन तऱ्हेची. पुढे जे लिहितोय त्याचं सार एवढंच की बॉलचं काय झालं त्याचे मार्क लाईनमनला द्यायचे नाहीत, त्याला जे काम सांगितलं होतं ते त्याने केलं का त्याचे द्यायचे. ऐकायला सोपं आहे, पण त्याला काम काय सांगितलं होतं हे आपल्याला कुणी सांगत नाही, तिथेच सगळी मेहनत आहे.

आधी व्हिडिओचं बघा

टीव्हीवरच्या प्रक्षेपणावरून हे होत नाही, सरळ सांगतो. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे जातो, बाजूने दिसतो, आणि बाजूने बघितलं की पाच जाडजूड माणसं एकमेकांच्या आड लपतात, आतला गार्ड तर दिसतच नाही. लागते ती कोचेस फिल्म, जिला ऑल-२२ म्हणतात, कारण २२ च्या २२ खेळाडू फ्रेममध्ये असतात. पूर्वी ही फक्त टीम्सकडे असायची, २०१२ पासून फॅन्सना मिळायला लागली. आता अमेरिकेत एनएफएल प्लसच्या वरच्या प्लॅनमध्ये मिळते, भारतात गेम पास डॅझनवर आहे, पैसे भरायच्या आधी आपल्या प्लॅनमध्ये कोचेस फिल्म आहे का ते बघून घ्या म्हणजे नंतर चिडचिड नको.

त्यात प्रत्येक प्ले (एकेक डाव) दोनदा दिसतो, एकदा उंचावरून बाजूने आणि एकदा एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या, मागून. आपल्या कामाचा तो दुसरा. मागून बघितलं की पाचही जणांचे पाय, कंबर, हात, मधल्या फटी सगळं दिसतं. बाजूचा अँगल फक्त खोली बघायला, म्हणजे क्वार्टरबॅक किती मागे गेला वगैरे.

आणि लाईव्ह मॅच बघताना मार्क देऊ नका प्लीज. रविवारची रात्रीची मॅच आपल्याकडे सोमवारी पहाटे ५:५० ला सुरू होते (तिकडे घड्याळं मागे गेली की ६:५० ला), अर्ध्या झोपेत चहा घेत बघितलेल्या मॅचवरून कुणाची लायकी ठरवायची नसते. मी हे केलेलं आहे म्हणून सांगतोय. लाईव्ह बघताना नजर बॉलवरच जाते, कितीही ठरवा.

पाच जण ओळखून घ्या

मध्ये सेंटर, तो बॉल स्नॅप करतो, म्हणजे पायांमधून मागे देऊन प्ले सुरू करतो. त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, आणि कडेला दोन टॅकल. लेफ्ट आणि राईट हे ऑफेन्सच्या (बॉल ज्यांच्याकडे त्या टीमच्या) बाजूने. जर्सी नंबर ५० ते ७९ मध्ये असतात त्यामुळे शोधायला सोपं. कबड्डी बघणाऱ्यांना हे लवकर कळतं, टॅकल म्हणजे कॉर्नर समजा, मोकळ्या जागेत एकटा सापडतो, गार्ड-सेंटर आत गर्दीत असतात आणि त्यांना शेजारच्याची मदत मिळते. साखळी तुटली की कुणा एकाला दोष देणं अवघड, हेही कबड्डीसारखंच.

लेफ्ट टॅकलला इतका भाव का, तर क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असला की त्याची पाठ डावीकडे असते, तिकडून येणारा त्याला दिसत नाही. पण आजकाल डिफेन्स आपला सगळ्यात चांगला रशर, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणारा, कुठूनही पाठवतात, त्यामुळे राईट टॅकलला सोपं काम असतं हे डोक्यातून काढून टाका. ईगल्सचा लेन जॉन्सन इतकी वर्षं उजवीकडेच खेळलाय.

शीट

एक्सेल नाहीतर वही, काहीही चालेल. प्ले नंबर, कितवा डाऊन (चार प्रयत्नांतला कितवा) आणि किती यार्ड हवेत, रन (बॉल घेऊन पळणं) की पास, मग पाच कॉलम पाच जणांचे, आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा कॉलम रुंद ठेवा, खरी माहिती तिथेच जमते.

एका मॅचमध्ये एका टीमचे साधारण ६०-७० प्ले होतात. प्रत्येक प्ले पाच वेळा बघायचा, दर वेळी एकाच माणसाकडे. होय, पाच वेळा. एकदम पाच जणांकडे बघता येतं असं वाटतं पण येत नाही, डोळा आपोआप जिकडे पडझड झाली तिकडे जातो आणि जो गप्प आपलं काम करतोय त्याला मार्क राहून जातात. त्यामुळे सुरुवातीला अख्खी लाईन घेऊच नका. एक माणूस घ्या, एक हाफ घ्या.

पायरी पहिली: प्ले काय होता ते ओळखा

प्लेबुक आपल्याकडे नाही, पण पहिलं पाऊल बरंच काही सांगून जातं. स्नॅप झाल्यावर पहिल्या अर्ध्या सेकंदावर व्हिडिओ थांबवा आणि पाचही जणांचे पाय एकदम बघा (फक्त इथेच पाचही जण एकदम).

सगळे एकाच बाजूला, एकाच लयीत पाऊल टाकतायत तर तो झोन रन. पाऊल छोटं आणि पुढे असेल तर इनसाईड झोन, लांब आणि आडवं असेल, जवळजवळ पळतच सुटले असतील तर आऊटसाईड झोन. एखादा गार्ड किंवा टॅकल मागे सरकून लाईनच्या मागून दुसऱ्या बाजूला धावतोय तर तो पुल, म्हणजे पॉवर, काऊंटर, ट्रॅप असल्या गॅप जातीचा प्ले. सगळे डोकं वर ठेवून मागे सरकतायत तर पास.

पासमध्ये आणखी एक गोष्ट ओळखायची असते आणि नवशिके इथेच मार खातात. मॅन प्रोटेक्शन आहे की स्लाईड. मॅनमध्ये प्रत्येकाला एकेक माणूस वाटून दिलेला असतो, तो कुठेही गेला तरी त्याच्या मागे जायचं. स्लाईडमध्ये माणूस नसतो, जागा असते, सेंटर आणि त्याच्या शेजारचे दोघं-तिघं सगळे एका बाजूला सरकतात आणि आपापल्या फटीत जो येईल त्याला घेतात. बऱ्याचदा दोन्हीचं मिश्रण असतं, एका बाजूला स्लाईड आणि दुसऱ्या बाजूला मॅन, आणि रनिंग बॅक (एरवी बॉल घेऊन पळणारा) मॅनच्या बाजूला मदतीला.

माझी पहिली शीट मी अजून ठेवलीये, बघून हसू येतं. लेफ्ट टॅकलच्या बाहेरून एक जण मोकळा सुटून क्वार्टरबॅकला जाऊन भिडला आणि मी टॅकलला सणसणीत मायनस दिला. नंतर महिन्याभराने तोच प्ले परत बघितला तर टॅकल आतल्या माणसाला व्यवस्थित घेऊन उभा होता. लाईनचा नियमच आहे की धोका आतून बाहेर मोजायचा, आतला रस्ता जवळचा असतो म्हणून आधी आतला बंद करायचा, सगळ्यात बाहेरचा माणूस हा रनिंग बॅकचा, नाहीतर क्वार्टरबॅकने लवकर बॉल फेकून सोडवायचा. सहा जण आले आणि अडवायला पाचच असले तर एक जण सुटणारच, गणितच तसं आहे. तेव्हा मोकळा रशर दिसला की आधी त्याच्या जवळचा टॅकल काय करतोय ते बघा. तो दुसऱ्या कुणाला अडवत असेल तर बहुतेक त्याची चूक नाही. तो कुणालाच अडवत नसेल, हवेत हात घेऊन उभा असेल, तर मग गडबड त्याची.

पायरी दुसरी: मार्कांची पट्टी

कोच लोकांची जुनी पद्धत एकदम साधी आहे. प्रत्येक प्लेला प्लस किंवा मायनस, शेवटी टक्के काढायचे. ६० प्ले, ५१ प्लस, झाले ८५ टक्के. बऱ्याच ठिकाणी ८० च्या वर गेलं की बरं मानतात. प्लस-मायनस देताना तीन गोष्टी बघतात: बरोबर माणसाकडे गेला का, बरोबर पद्धतीने गेला का, आणि शिट्टी वाजेपर्यंत काम सोडलं नाही ना.

दुसरी पद्धत पीएफएफवाल्यांची (प्रो फुटबॉल फोकस, खेळाडूंना मार्क देणारी कंपनी). नील हॉर्न्सबी नावाच्या इंग्लंडमधल्या माणसाने ती कंपनी सुरू केली, म्हणजे अमेरिकेत न राहता दुरून व्हिडिओ बघून सुरू झालेलं काम आहे, आपल्यासारख्यांना धीर येतो. ते प्रत्येक प्लेला उणे २ ते अधिक २ मध्ये अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने मार्क देतात, आणि ० म्हणजे जेवढं अपेक्षित होतं तेवढं केलं. मग त्याचे १०० पैकी करतात.

मी दोन्हीची खिचडी वापरतो. प्लस-मायनसचे टक्के पण काढतो आणि शेजारी आकडाही लिहितो. आकडे असे: ० म्हणजे काम झालं. अर्धा प्लस म्हणजे समोरच्याला स्पष्ट हरवलं. १ प्लस म्हणजे त्याच्यामुळे प्ले घडला. अर्धा मायनस म्हणजे हरला पण निभावलं. १ मायनस म्हणजे त्याच्यामुळे प्ले बिघडला. २ मायनस म्हणजे लगेच, साफ, दोन सेकंदांच्या आत हरला. वरच्या बाजूला २ ठेवलेलाच नाही कारण एका ब्लॉकने तेवढं भलं होत नाही, नुकसान मात्र होतं.

बहुतेक प्ले ० च असले पाहिजेत. तुमच्या शीटमध्ये १० पैकी ६ प्लेला प्लस-मायनस असेल तर तुम्ही मार्क देत नाही आहात, कॉमेंटरी करताय. पॅनकेक, म्हणजे समोरच्याला उताणा पाडणं, हे व्हिडिओवर भारी दिसतं आणि लोक लगेच १ प्लस देऊन मोकळे होतात. पण कितीदा तरी समोरचा स्वतःच पाय अडकून पडलेला असतो. आणि क्लीव्हलँडचा जो थॉमस आठवा, २००७ ते २०१७ सलग १०,३६३ स्नॅप खेळला, एकही न चुकवता, आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. त्याचा खेळ बघताना कंटाळा यायचा, काही घडायचंच नाही. लेफ्ट टॅकलच्या बाबतीत काही न घडणं हीच कला.

पायरी तिसरी: पास ब्लॉक

इथे वेळ घालवा. क्रम ठरलेला ठेवा: पाय, मग कंबर, मग हात. उलट्या क्रमाने बघू नका, हात सगळ्यात जास्त दिसतात पण सगळ्यात कमी सांगतात.

पाय: टॅकल मागे सरकतो त्याला किक स्लाईड म्हणतात, बाहेरचा पाय मागे टाकतो आणि आतला पाय घसटत त्याच्या मागून आणतो. आतला पाय बाहेरच्याच्या फार जवळ आला, दोन्ही टाचा चिकटल्या, की त्या क्षणी तो हरलेला असतो, भले समोरच्याने फायदा घेतला नसेल. तेव्हा शेऱ्यात लिहून ठेवा. आणि खांदे बघा, टॅकलने लवकर बाहेरच्या दिशेला तोंड वळवलं की आतलं दार सताड उघडं पडतं. चांगला टॅकल शक्य तितका वेळ छाती पुढेच ठेवतो आणि रशरच्या आतल्या खांद्यासमोर राहतो.

कंबर: कुस्ती बघितली असेल तर हे सांगायची गरज नाही. ज्याचं बूड खाली तो जिंकला. गुडघ्यात वाकला पाहिजे, कंबरेत नाही. कंबरेत वाकलेला लाईनमन पुढे झुकतो आणि समोरच्याने नुसता हात झटकला की तोंडावर जातो. पॅट्रियट्सकडे स्टीफन नील नावाचा गार्ड होता, तो कॉलेजला फुटबॉल खेळलाच नव्हता, कुस्तीतला वर्ल्ड चॅम्पियन होता १९९९ चा. तिथून येऊन एनएफएलमध्ये स्टार्टर झाला, आमच्या तालमीतल्या वस्तादांना सांगितलं असतं तर त्यांना अजिबात नवल वाटलं नसतं.

हात: आत, छातीवर, अंगठे वर. बाहेरून खांद्याला मिठी मारली तर होल्डिंगला, म्हणजे धरून ठेवण्याच्या फाऊलला, निमंत्रण. हात टाकायची वेळही बघा. फार लवकर टाकले तर रशर खाली झुकून निघून जातो, फार उशिरा टाकले तर तोच आधी छातीत घुसतो.

आता हरला कसा त्याप्रमाणे मार्क. बाहेरून वेगात हरला तर १ मायनस. आतून हरला तर माझ्याकडे बहुतेक वेळा २ मायनस, कारण आतून क्वार्टरबॅकपर्यंतचा रस्ता सगळ्यात जवळचा आणि तोंडावर आलेला माणूस चुकवायला जागा नसते. बुल रश, म्हणजे समोरचा छातीत घुसून मागे ढकलत नेतो, तो प्रकार नाजूक आहे. दोन-तीन पावलं मागे गेला आणि मग टाचा रोवून थांबला तर ०, तो हरला नाही, त्याने बैल थांबवला. क्वार्टरबॅकच्या मांडीवर जाऊन बसला तर मायनस.

घड्याळ लावा. ईएसपीएनची पास ब्लॉक विन रेट नावाची मोजणी आहे, खेळाडूंच्या शोल्डर पॅडमध्ये चिप असतात त्यांच्या डेटावरून काढतात, त्यात २.५ सेकंद ब्लॉक टिकवला तर जिंकला असं धरतात. आपणही तोच आकडा घेऊ. २.५ च्या आत हरला तर पूर्ण मायनस, ३.५ सेकंदांनंतर हरला तर माझ्याकडून अर्धा, आणि ५ सेकंद क्वार्टरबॅक बॉल घेऊन नाचत असेल तर कुणालाच काही नाही. उलट बॉल दीड सेकंदात गेला, किंवा स्क्रीन पास (लाईनच्या मागेच टाकलेला छोटा पास) होता, किंवा रन दाखवून पास होता, तर त्या स्नॅपला वेगळी खूण करा. तिथे ० मिळवणं फार सोपं असतं. एखाद्या टीमची लाईन आकड्यात फारच भारी दिसायला लागली की आधी त्यांचा क्वार्टरबॅक बॉल किती लवकर सोडतो ते बघा.

पायरी चौथी: प्रेशर आलं, बिल कुणाच्या नावावर

लाईनमनवर सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो.

क्वार्टरबॅक पॉकेटमध्ये (लाईनने आडोसा केलेल्या जागेत) साधारण ७-८ यार्डांवर उभा राहणार असं धरून टॅकल आपली वाट आखतो. रशर बाहेरून येतोय, ठीक आहे, त्याला वळसा घालायला लावायचा आणि क्वार्टरबॅकच्या मागून पुढे ढकलून द्यायचा. क्वार्टरबॅकने फक्त एक पाऊल पुढे यायचं. आता तो पुढे यायच्या ऐवजी १० यार्ड मागे गेला तर तोच रशर नेमका त्याच्या अंगावर जातो. टीव्हीवर रिप्लेमध्ये टॅकल हरलेला दिसतो, पण त्याने आपलं काम केलंय. असल्या प्लेला मी टॅकलला ० देतो आणि शेऱ्यात क्वार्टरबॅक लिहितो. बाजूचा अँगल ह्याच्यासाठीच लागतो.

स्टंट म्हणजे दोन रशर एकमेकांना ओलांडून जागा बदलतात, एक टॅकलला आडवा जातो आणि दुसरा त्याच्या मागून वळून आत येतो. इथे गार्ड आणि टॅकलने माणसांची अदलाबदल करायची असते. नीट बघा, आडवा येणाऱ्याने टॅकलला धक्का दिला तेव्हा गार्ड त्याला सोडून मागच्याकडे आला का. दोघं एकाच खोलीवर असतील तर अदलाबदल होते, एक पुढे एक मागे असला की एकमेकांवर आदळतात. चूक कुणाची कळत नसेल तर दोघांना अर्धा-अर्धा मायनस द्या आणि पुढे चला, कोर्टकचेरी करत बसू नका.

रनिंग बॅक आणि टाईट एंडसाठी (टॅकलच्या शेजारी उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा) एक सहावा कॉलम ठेवाच. तो नसला की त्यांची बिलंही टॅकलच्या खात्यावर जातात.

पायरी पाचवी: रन ब्लॉक

यार्ड बघू नका. रनिंग बॅकला ३ यार्ड मिळाले म्हणजे ब्लॉक वाईट होता असं नाही, त्याने चुकीची फट निवडली असेल. आणि ४० यार्ड मिळाले म्हणजे पाचही जणांना प्लस नाही, त्या रनमध्येही पलीकडच्या बाजूचा टॅकल कापला गेलेला असू शकतो, बॅक वेगात होता म्हणून वाचला.

झोनमध्ये बघायचं ते कॉम्बो ब्लॉक. दोघं मिळून आधी पहिल्या फळीतल्या एकाला सरकवतात आणि मग त्यातला एक सुटून मागच्या फळीतल्या लाईनबॅकरकडे जातो. सुटायची वेळ हाच सगळा खेळ. लवकर सुटला तर साथीदार एकटा पडतो, उशिरा सुटला तर लाईनबॅकर आधीच फटीत शिरलेला असतो. मी सुटणाऱ्याला वेळेचे मार्क देतो आणि राहणाऱ्याला समोरच्याच्या पलीकडे त्याचं डोकं गेलं का त्याचे.

पुल करणाऱ्याचं सोपं: सरळ वाटेने गेला का, पहिला चुकीच्या रंगाचा जर्सीवाला दिसला त्याला धडकला का. मोकळ्या मैदानात १४०-१४५ किलोचा माणूस ९० किलोच्या चपळ कॉर्नरबॅकच्या मागे धावतो आणि हुकतो तेव्हा फार कडक होऊ नका, अर्धा मायनस पुरे. पळण्याच्या उलट बाजूचा ब्लॉक मात्र सोडू नका, तिथे आळस सगळ्यात आधी दिसतो.

पायरी सहावी: समोर कोण होता आणि मदत किती होती

प्रत्येक पास स्नॅपला तीन खुणा मी टाकतो: एकटा, शेजाऱ्याची मदत, किंवा चिप, म्हणजे टाईट एंड किंवा रनिंग बॅकने जाताजाता रशरला दिलेला धक्का. दोन टॅकलचा आकडा सारखाच आला पण एक ३० वेळा एकटा होता आणि दुसरा १२ वेळा, तर ते सारखे नाहीत, सांगायलाच नको.

इथे परत त्या तीन मॅचवर येतो. ५५ मध्ये चीफ्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल, एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, दुखापतीमुळे नव्हते. डावीकडे माईक रेमर्स, जो उजवीकडून उचलून आणलेला, आणि उजवीकडे अँड्र्यू वायली, जो मुळात गार्ड. म्हणजे कडेचे दोघंही आपापल्या जागेवर नव्हतेच. पुढच्याच मोसमात टीमने अख्खी लाईन नवी केली, ऑर्लँडो ब्राऊन ज्युनियर, जो थूनी, क्रीड हम्फ्री, ट्रे स्मिथ. पण ५७ मध्ये शून्य सॅकवाल्या लाईनचा राईट टॅकल कोण, तर तोच वायली. एकाच माणसाचे हे दोन पेपर शेजारी ठेवून तपासून बघा, मजा येते. आणि तपासताना हेही विसरू नका की ५५ मध्ये मॅहोम्सने ४९ पास टाकले आणि ५७ मध्ये फक्त २७, शिवाय ५७ ला मैदान इतकं निसरडं होतं की दोन्हीकडचे खेळाडू घसरत होते, आणि घसरड्या जमिनीवर कडेने वाकून वळणाऱ्या रशरचं नुकसान जास्त. म्हणजे शून्य सॅक हे खरं कौतुक, पण पूर्ण मार्क लाईनचेच नाहीत.

५९ मध्ये जो थूनी लेफ्ट टॅकलला होता. हा ऑल-प्रो (लीगमधल्या सर्वोत्तमांत निवडलेला) दर्जाचा लेफ्ट गार्ड, पण टॅकल कुणी जमेना म्हणून डिसेंबरपासून त्याला कडेला सरकवला आणि त्याच्या जागी गार्डला माईक कॅलिएंडो. मग एका बदलात दोन जागा कच्च्या झाल्या. गार्डला डाव्या-उजव्या हाताला माणूस असतो, टॅकलला बाहेर नुसतं रान. आणि ब्लिट्झ नाही म्हणजे बहुतेक वेळा चौघेच येत होते, अडवायला किमान पाच होते, गणित चीफ्सच्या बाजूने होतं. त्यामुळे तिथे गोंधळ किंवा मोकळा रशर ही सबब कमी चालते, एकास एक हरलेत. माझं मत विचाराल तर थूनीला त्या दिवशीचे मायनस द्यायचेच, जागा त्याची नव्हती म्हणून शून्य लिहायचं नाही, पण शेऱ्यात जागा लिहायची. मार्क हे त्या दिवशीच्या कामाचे असतात, माणसाच्या कुवतीचे वेगळ्या पानावर.

पेनल्टी

थोडक्यात. फॉल्स स्टार्ट (स्नॅपच्या आधीच हलणं) ५ यार्ड, अर्धा मायनस. पण परक्या मैदानावर आवाज इतका असतो की क्वार्टरबॅकचं ऐकूच येत नाही, तेव्हा गार्ड मागे वळून खूण बघतो आणि सेंटरला थापटतो, मग थोड्या वेळाने स्नॅप. अशा मॅचमध्ये टॅकल थोडा उशिरा उठला तर पहिल्या क्वार्टरमध्ये समजून घ्या, चौथ्यातही तेच असेल तर नाही. होल्डिंग १० यार्ड, १ मायनस, आणि फ्लॅग पडला नाही पण होल्डिंग स्पष्ट दिसतंय तर मी तरीही अर्धा कापतो, कारण तो हरला होता म्हणूनच धरावं लागलं. उलट फ्लॅग पडला आणि हात आत, छातीवरच होते तर कापत नाही. रेफरीचे मार्क रेफरीला.

बेरीज

समजा एका गार्डचे ६२ स्नॅप, त्यातले ४ काही कळलंच नाही म्हणून बाजूला (हे करायला लाजू नका), उरले ५८. ५० प्लस, ८ मायनस, म्हणजे ८६ टक्के. दुसऱ्या टीमच्या गार्डचेही नेमके तेवढेच, ८६ टक्के. आता आकडे जोडा. पहिल्याचे आठही मायनस अर्ध्या-अर्ध्याचे, उणे ४, आणि अर्ध्याचे सहा प्लस, अधिक ३, बेरीज उणे १. दुसऱ्याचे पाच मायनस अर्ध्याचे, उणे अडीच, पण तीन मायनस २ चे, उणे ६, प्लस तेवढेच ३, बेरीज उणे साडेपाच. टक्के सारखे आणि दुसऱ्याच्या मागे उभा असलेला क्वार्टरबॅक तीनदा जमिनीवर. म्हणूनच मी दोन्ही लिहितो. रन आणि पासची बेरीजही वेगळी ठेवा, एकत्र केली की जोरदार रन ब्लॉक करणारा आणि पासमध्ये रोज कापला जाणारा माणूस सरासरी दिसतो.

मग पीएफएफ किंवा ईएसपीएनशी ताडून बघा, पण आपली शीट पूर्ण झाल्यावरच. आधी त्यांचा आकडा बघितला की डोळे तेच शोधतात. फरक आला तर घाबरू नका, ईएसपीएनचं यंत्र फक्त टिकला की नाही तेवढं बघतं, पीएफएफचा माणूस प्रत्येक प्लेला मत देतो, आणि दोघांपैकी कुणालाच टीमच्या खोलीत काय ठरलं होतं ते माहीत नसतं. जिथे फरक मोठा तेवढेच प्ले परत उघडा, बहुतेक वेळा स्लाईड ओळखण्यातली तुमची चूक सापडते, कधीकधी त्यांची.

एक सवय लावून घ्या: आठवड्याने त्याच मॅचचे कुठलेही १० पास प्ले घ्या, आधीची शीट झाकून ठेवा आणि परत मार्क द्या. माझे अजूनही १० पैकी दोन-तीन बदलतात. पाच-सहा बदलत असतील तर पुढची मॅच घेऊ नका, त्याच मॅचचा तोच टॅकल परत पहिल्या स्नॅपपासून बघा, आणि ह्या वेळी फक्त पाय.